गाडीत कोण कोण होतं

११ मे

साहनिम,

सलाम. तू कशी आहेस ते विचारत नाही. ते मला तुझ्या पत्राआधी मुकादमाने सांगितलं.

मी तेल-पामचे घड पाडत होतो. लांब काठीचा कोयता वर, मान वर, डोळ्यात भुसा. तेवढ्यात हा मोटारसायकलवरून आला आणि लांबूनच ओरडला, "जुमराह, कोंबडी काप! तुझी बहीण आमच्या घरी आली!" आमच्या घरी म्हणजे गावाकडे हाजी मुकारम यांच्या घरी, ज्यांनी मला इथे कामाला पाठवलं. मुकादम त्यांचा सख्खा पुतण्या, हे तुला ठाऊकच आहे. "आमच्या सबिरिनने पळवली तिला. आता तू माझा सोयरा." सगळे हसले. मीही हसलो. सगळे हसत असताना एकट्याने तोंड पाडून कसं उभं राहायचं? मग कोयता परत वर घातला आणि चुकीचा झाप तोडला. तो यानच्या पाठीवर पडला. यान फ्लोरेस बेटावरचा, माझ्या जोडीला काम करतो. तो म्हणाला, "बहीण पळाली त्याची, मार मला."

साहनिम, तू नववीत आहेस.

आपल्याकडे पोरगी मागायला गेलं तर बाप म्हणतो, कोंबडीचं पिल्लू आहे का, मागून न्यायला? पळवूनच न्यायची, तेव्हा तिचा मान. बाबांनी आईला तशीच नेली, मला माहीत आहे. पण आईने दोन दिवस आधी कपडे तांदळाच्या टोपलीत लपवले होते. तिला जायचंच होतं. तू लपवले होतेस का? एवढंच मला सांग. लपवले असशील तर मी इथे कोंबडी कापतो आणि विषय संपला. नसशील तर काय करू ते मला अजून सुचलेलं नाही.

काकांचाही फोन आला ऑफिसात. मला आत बोलावलं, खुर्ची दिली. इथे मलेशियात मजुराला खुर्ची कधी देत नाहीत. काका म्हणाले, "रात्रीची, इशाची बांग होऊन गेल्यावर पोराबरोबर एकटी परत आली. गावाने बघितलं. आता आपल्या हातात काही नाही. बाबा नाही, म्हणजे तिचा वली, पालक, तू. तुझा कागद आला की निकाह लावतो." जणू मी इथून पोत्यात घालून तुला पाठवणार आहे!

आणि ती तुमची संस्था. शहरातून बाई येते, बरुगाच्या उघड्या माचावर चटई टाकते, म्हाताऱ्यांना अक्षरं शिकवते, तुला त्यांची मास्तरीण करते. चांगलं आहे, मी नाही म्हटलं नव्हतं. पण अंधार पडेपर्यंत गाडीतून फिरवायचं कशाला? तिच्या शहरात अंधार होत नसेल. आपल्या गावात होतो.

खरं सांग. एकटी होतीस का?

जुमराह


४ जून

साहनिम,

तुझं पत्र लास्त्रीबाईंच्या पत्त्यावरून आलं. पाकिटावर संस्थेचा शिक्का, म्हणून ऑफिसातल्या कारकुनाने दोनदा फिरवून बघितलं. मग उघडं करून दिलं. चिकटवायला विसरली होती म्हणे बाई. पुढच्या वेळी चिकटपट्टी लाव.

तर कपडे लपवले नव्हतेस.

वाचलं आणि बाहेर जाऊन बसलो. मग परत वाचलं. तालुक्याला वर्ग होता, परत येताना चढाखाली टायर फुटला, दुसरा काढला तर त्यातही हवा नव्हती, गाडी चालवणारा हाजींचा पोरगा सबिरिन चाक घेऊन चालत गेला आणि परत येईतो बांग झाली. एवढंच. बरोबर पापुक मेना आणि वर्गातल्या बाकीच्या बायका होत्या ते तू लिहिलं आहेस. ते ठीक आहे. पण त्या म्हाताऱ्या, तू मुलगी. गाव तेच धरणार.

गाडी हाजींची का घेतली ते आता कळलं. लास्त्रीबाईंनी मुद्दाम त्यांची घेतली. हाजींचीच गाडी म्हटल्यावर बायकांच्या वर्गावर कोण बोट ठेवणार? आपल्या काकांनीसुद्धा त्याच भरवशावर तुला सोडलं. बाईंचं डोकं चांगलं चालतं. फक्त कोंबड्या राखायला कुत्रा नेमला आणि कुत्र्याला एक तरणं पोरगं आहे हे राहून गेलं.

सबिरिन वाईट नाही असं तू लिहितेस. "तो नवी गाडी पुसतो तसा माझ्याकडे बघतो" हे वाक्य मला कळलं नाही. यानला वाचून दाखवलं, तो म्हणाला, "मला कळलं," आणि सांगायला तयार नाही.

हाजींच्याच वाड्यात, त्यांच्या बहिणीकडे तुला ठेवलंय. कुलूप नाही, कुणी मारत नाही, दोन वेळा भात, दारात तिच्या सुना चिंचा सोलत बसलेल्या. तू उठलीस की विचारतात, "कुठे गं?" विहिरीवर म्हटलं की एक जण मागे येते. वली हो म्हणत नाही तोवर तू नवरी नाहीस, आणि त्या घरात राहिलीस म्हणून आता आपल्या घरची पोरही नाहीस. आई आली होती का एकदा तरी? तू लिहिलं नाहीस.

लास्त्रीबाई म्हणाल्या, शहरात मुलींसाठी घर आहे, पोलिसांना घेऊन येते, चल. आणि तू नाही म्हणालीस! मला आधी राग आला. मग तुझं कारण वाचलं. बाईच्या गाडीत बसून गेलीस तर दुसऱ्या दिवशीपासून गावातली एकही बाई बरुगावर चढणार नाही, नवरे पाय तोडतील, आणि पापुक मेनाचं नाव लिहिणं अर्धंच राहील. आत्ता तिचं "मे" झालंय, "ना" व्हायचं आहे. साहनिम, तुझं आयुष्य आणि म्हातारीचा "ना", दोन्ही एका तराजूत घालतेस?

एक विचारतो, रागावू नकोस. परत आलीस समज. मग? मावशीच्या नुरीला बापाने परत आणली होती, आठवतं ना. पुढे तिला कोणी विचारलं? शेवटी तो दम्याचा म्हातारा. निदान सबिरिनचे दात तरी जागेवर आहेत.

मी बरा आहे. पाऊस नाही. पासपोर्ट हाजींच्या माणसाकडे असतो, इथे सगळ्यांचेच असतात, त्यात काही नाही. परवाना ऑगस्टात संपतो. तो तेच करून आणतात. मी हे सहज लिहिलं.

दादा


२३ जून

साहनिम,

हे पत्र जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. अक्षर वाकडं आलं तर हाताला झापाचे काटे लागलेत म्हणून.

मुकादमाने कागद आणून दिला. सगळं छापलेलं. मी अमुक, तमुकचा मुलगा, माझी बहीण साहनिम हिच्या निकाहासाठी माझ्या वतीने काकांना हक्क देतो. तुझं वय सोळा लिहिलंय. मी म्हटलं, "पंधरा आहे." मुकादम म्हणाला, "कागद तिथे पोचेपर्यंत होईल की. नाही झालं तर आम्ही वाट बघू, आम्ही काय राक्षस आहोत?" आणि हसला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हाजींनी विचारलंय, ईदला घरी यायचंय का तुला. तिकीट ते काढतील. परवानाही होऊन जाईल. सोयऱ्याकडून कोण पैसे घेतं?"

तू लहान होतीस, तुला माहीत नसेल. मी घरात कधी टिकत नसे. पाचवीत शाळा सोडली ती मास्तरांनी कोंडून ठेवलं म्हणून, कौलातून बाहेर पडलो. बाबा म्हणायचे, या पोराच्या पायात भोवरा आहे. इथे तीन वर्षं झाली आणि मळ्याच्या फाटकाच्या पलीकडे मी किती वेळा गेलो असेन? दुकानापर्यंत. फाटकावर पहारेकरी विचारतो, "पासपोर्ट?" आणि मी परत वळतो. रांगेत झाडं, त्यामागे रांगेत झाडं. वर बघितलं तरी झाप. कधी कधी समुद्राचा वास येतो असं वाटतं. यान म्हणतो, तो गिरणीचा धूर आहे.

ईदला घरी. आईच्या हातचं पालेभाजीचं तिखट. चढावरून समुद्र दिसतो तिथे थांबून एक विडी.

मी सही केली.

मुकादमाला द्यायला गेलो तर तो गावात गेला होता, म्हणून परत घेऊन आलो. आता कागद सदऱ्याच्या खिशात आहे, घामाने मऊ झालाय. तो रोज विचारतो, मी सांगतो घड्या पडल्यात, दुसरा द्या. एकदा सांगितलं पेन मिळत नाही. आता कारणं संपत आली.

तू सांग. फाडू की देऊ? तू देऊ नको म्हटलंस तर देणार नाही, अल्लाची शपथ. पण लवकर सांग. आणि चिकटपट्टी लाव.

दादा


१७ जुलै

साहनिम,

एवढं लहान पत्र तू मला कधी लिहिलं नव्हतंस.

"सांगणार नाही. गाडीत बसले तेव्हा काकांनी ठरवलं, उतरले तेव्हा गावाने ठरवलं, कुठे राहायचं ते हाजींनी ठरवलं. आता जे कुणालाच ठरवायला नको तेवढं माझ्याकडे पाठवतोस? मला नको आहे हे मी पहिल्याच पत्रात लिहिलं. वली तू आहेस, ठरव. फक्त एक कर. गाडीत कोण कोण होतं ते परत वाच."

मार बसला. बसू दे.

पहिलं पत्र काढलं. यान शेजारी बसून कोयत्याला धार लावत होता, त्याला मोठ्याने वाचून दाखवलं, पापुक म्हणजे आजी, इनाक म्हणजे आई असं समजावत. पापुक मेना. इनाक तिरप. इनाक सुमी. बहिरी इनाक रन्नी. आणि तू. यान म्हणाला, "थांब. पाच?" मी म्हटलं, "पाच." "मग तुझे काका एकटी एकटी काय ओरडत होते फोनवर?" मी म्हटलं, "त्या बाकीच्या म्हाताऱ्या रे, विधवा, सोडलेल्या." यान म्हणाला, "म्हणजे काय, मेलेल्या?"

मग मला तुझी आणखी एक ओळ दिसली. गाडी थांबल्यावर काकांनी कंदील धरून मागून तांदळाची दोन पोती उतरवून घेतली. पोती त्यांना दिसली! पोत्यांवर चार बायका बसल्या होत्या, त्या उठल्याशिवाय पोती निघाली कशी? आणि साहनिम, मीही तेच केलं. तू मला नावं लिहून पाठवलीस आणि मी लिहिलं, ते ठीक आहे, पण त्या म्हाताऱ्या.

यान धार लावता लावता हसायला लागला. म्हणाला, "तुमचा कायदा मला नीट सांग. अंधार पडल्यावर जो पोरगा बाईला घरी आणतो त्याने तिला पळवली?" म्हटलं, "हो." "मग त्या पोराने पाच पळवल्या. पाचही आता त्याच्या. बिचारा. त्या म्हातारीला दात आहेत का? उसाचा रस काढून द्यावा लागेल रोज." आख्खी खोली हसली. कुणी म्हणालं, धाकटीच्या आधी थोरल्यांची लग्नं लागली पाहिजेत, नाहीतर थोरलीचा मान जातो, त्याची भरपाई द्यावी लागते. "मग आधी आजी!" सबिरिनच्या वरातीची नक्कल करून दाखवली एकाने, पाठीवर म्हातारी घेऊन. एवढा मी इथे आल्यापासून हसलो नव्हतो. पोट दुखलं.

मग हसू थांबल्यावर मी खिशातला कागद काढला आणि कोयत्याची धार पुसायला यानला दिला. त्याने पुसली.

गावच्या प्रमुखाला वेगळं पत्र पाठवलंय, याच पाकिटात आहे. लास्त्रीबाईंना दे, त्या पोचवतील. त्यात फक्त एवढंच आहे की मी साहनिमचा वली जिवंत आहे, शुद्धीवर आहे आणि देत नाही. खाली सही. शेजारी यानने साक्षीदार म्हणून सही केली आहे. तो ख्रिश्चन आहे, चालेल की नाही माहीत नाही.

तो म्हाताऱ्यांचा विनोद पापुक मेनाला सांग. आवडेल तिला.

दादा


२५ ऑगस्ट

मास्तरीण बाई,

तुझं पत्र मी इतक्या वेळा वाचून दाखवलंय की आता ते माझंच झालंय. मला जसं कळलं तसं लिहितो. चुकलं तर सांग.

तू पापुक मेनाला विनोद सांगितलास, चिंचा सोलणाऱ्या सुनांसमोरच. सुना हसल्या. पापुक हसली नाही. म्हणाली, "परत सांग." तू परत सांगितलास. ती उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "पोरगं शिकलं नाही, पण बरोबर बोललंय." आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी जुम्म्याची नमाज सुटली. सगळे पुरुष मशिदीतून बाहेर पडले आणि बघतात तर हाजींच्या ओसरीवर चौघीजणी रांगेत. डोक्यावरून पदर, पुढ्यात पानाचं तबक, नवरीने बसावं तशा मान खाली. इनाक रन्नीने तर चटई आणि उशी आणली होती. तिला ऐकू येत नाही, ती खरंच राहायला आली होती.

हाजी म्हणाले, "काय गं आजी, काय पाहिजे?"

पापुक म्हणाली, "आजी कुणाला म्हणतोस? सून म्हण. तुझ्या पोराने मला अंधारात आणलं. गावाने बघितलं. आता मी कुठे तोंड दाखवू?"

"लाज आहे का काही या वयात?"

"लाज असती तर तुझ्या पोराबरोबर चढाखाली अंधारात बसले असते का मी? टायर फुटला म्हणे. सगळे असंच सांगतात."

लोक हसायला लागले. काका पुढे येऊन म्हणाले, "पापुक, उठा, तमाशा करू नका. गाडीत पोरगी एकटी होती." तर पापुक म्हणाली, "एकटी? मग तुझं पोतं कोणाच्या ढुंगणाखालून ओढलंस रे? माझं हाड अजून दुखतंय." काका मागे सरकले. हे तू लिहिलंस तिथे अक्षर हललंय. हसून की कशाने?

हाजी म्हणाले, बरं, वली आणा तुमचे. पापुक म्हणाली, "भाऊ सगळे मातीत. एक नातू आहे, शाळा सुटली की येईल. पण आधी थोरलीचं. धाकटीला नेत असशील तर आम्हा चौघींचा मान आधी भर." आणि मग इनाक तिरप बोलली, जी कधीच बोलत नाही. "माझा नवरा मलेशियात आहे, हाजीबाबा. तुमच्याच हाताने गेला. बारा वर्षं झाली. तो जिवंत आहे की मी विधवा आहे, तेवढं विचारून सांगा, म्हणजे मला तुमच्या पोराशी निकाह लावता येईल."

त्यावर कुणी हसलं नाही, असं तू लिहिलं आहेस. इथेही हसले नाहीत. मी इथपर्यंत आलो की खोलीत कुणीतरी उठून बाहेर जातं.

आणि मग सबिरिन गाडीमागून पुढे आला. रडत होता. म्हणाला, "मी कुणालाच पळवलं नाही. टायर फुटला होता. मी पहिल्या दिवसापासून सांगतोय." बापाने हात उचलला, पण एवढ्या लोकांत मारला नाही. त्याला सांग, जुमराह म्हणाला, तुझ्यावर माझा राग नाही. लग्नाचं मात्र नाही म्हणजे नाही.

मग तू त्या घरातून बाहेर आलीस, भर उन्हात, चौघींच्या मधून. मागे कुणी "कुठे गं?" विचारलं नाही. आई गल्लीच्या तोंडाशी उभी होती आणि तू जवळ आल्यावर वळून घरात गेली, दार मात्र उघडं ठेवलं.  ही ओळ मी कुणाला वाचून दाखवत नाही.

मला मळ्याच्या मागच्या भागात पाठवलंय, डोंगराकडे. सावली जास्त आहे. पत्ता तोच ठेव, यान आणून देतो.

दादा


८ ऑक्टोबर

साहनिम,

रोजे चालू आहेत. उन्हात घड पाडताना तोंडाला कोरड पडते, पण मागच्या भागात ओढा आहे. पाणी लाल असतं. गाळून घेतलं की चालतं.

गावाने नियम केला ते वाचलं. बायकांच्या वर्गाची गाडी उशिरा आली तर ते पळवणं धरायचं नाही. लास्त्रीबाई सभेत सगळ्यात कमी बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या, तुम्ही जे ठरवलंत ते लिहून तरी ठेवा. हुशार आहे बाई, मी तिला कुत्रा-कोंबडीचं बोललो ते परत घेतो. पण बरोबर हेही लावलंय की वर्ग दुपारच्या, असरच्या बांगेआधी सुटला पाहिजे, गाडीवाला म्हातारा पाहिजे आणि तू एकटीने तालुक्याला जायचं नाही. हाजींनी गाडी काढून घेतली, म्हणून चालत जाता. इनाक सुमीच्या मुलाने तिचं येणं बंद केलं. म्हणजे चौघींतली एक गेली. तू लिहितेस, "दार अर्धं उघडलं, आणि त्यातून जाताना खांदा घासतो." घासू दे.

शाळेत मुली बाजूला सरकून बसतात. आई अजून बोलत नाही. पण तुझा शाळेचा पांढरा स्कार्फ धुऊन दोरीवर घालते, रोज. तुला दहावी करायची आहे ना. कर. कुणी मागायला आलं तर म्हणावं, माझा वली मलेशियात आहे, त्याला विचारा. मी इथे आहेच.

ईदला येतोस का, असं तू तीनदा विचारलंस. मी दोनदा उत्तर दिलं नाही, आता तू लास्त्रीबाईंना सांगून शोध घेणार म्हणतेस. नको घेऊस. सांगतो. पासपोर्ट शहरात हरवला म्हणे. परवाना झाला नाही. मुकादम तोंडावर हसून सांगतो, शोधतोय, शोधतोय, सोयऱ्या. तो मला अजून सोयऱ्याच म्हणतो. मागच्या भागात पाठवलं ते पोलीस तिथवर येत नाहीत म्हणून. सावलीचं खरं आहे, पण. मजुरी यानच्या नावावर येते, तो पैसा न पैसा देतो. आईला यातलं काही सांगू नकोस. आणि तुझ्यामुळे झालं असं मनात आणलंस तर मी पुढचं पत्र लिहिणार नाही. टायर फुटला होता, एवढंच.

फाटकापर्यंतही आता जात नाही. कौलं असती तर काढली असती. इथे वर झाप आहेत, त्याच्यावर आभाळ आहे, आणि ते कुठूनही सारखंच दिसतं. पायातला भोवरा एका जागी फिरतो. रात्री पाय दुखतात, न चालता.

एक गंमत सांगतो. रोज संध्याकाळी मुकादम माणसं मोजतो. आम्ही ओळीत उभे राहतो, तो बोट दाखवत येतो. माझ्यापाशी आला की बोट उचलतो आणि पुढच्यावर ठेवतो. कागद नाही, म्हणजे माणूस नाही, आकडा बरोबर राहिला पाहिजे. पहिल्या दिवशी मला काहीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी वाटलं. तिसऱ्या दिवशी त्याने मोजून संपवलं, वही मिटली आणि यान ओरडला, "आजी राहिली!" सगळे हसले. मुकादमाला कळलं नाही. आता रोज ओरडतात, कधी यान, कधी दुसरा कुणी. "आजी राहिली!" तो शिव्या देतो, पण उद्या परत.

पापुक मेनाचा "ना" झाला का ते लिही. झाला असेल तर तिच्या हाताने लिहिलेलं नाव मला पाठव, चिकटपट्टी लावून. मी खोलीत लावीन. आणि ती विचारेल, पोरगं तिकडे एकटं आहे का. तिला सांग, आम्ही इथे चौदा जण आहोत. मुकादमाला विचारलंत तर तो तेरा म्हणेल.

दादा